चेहऱ्याचा घरगुती लेप: तो काय करतो आणि काय करू शकत नाही

खानदेशात लेपासाठी बाजारात जावे लागत नाही. डाळीचे पीठ, हळद, दही, दुधाची साय, काकडी आणि रावेर-यावलकडच्या बागांतून आलेले केळे यांपैकी निम्म्या वस्तू तरी घरात केव्हाही सापडतात, आणि त्या मिसळून अंगाला व चेहऱ्याला लावण्याची रीत लग्नाच्या हळदीपासून दिवाळीच्या उटण्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. अलीकडे या जुन्या रीतीला मोबाइलवरच्या व्हिडिओंची जोड मिळाली आणि लिंबू, खाण्याचा सोडा, दालचिनी, कच्च्या पपईचा चीक, टूथपेस्ट अशा वस्तूही त्याच वाटीत येऊ लागल्या. वस्तू नैसर्गिक आहे, रोजच्या खाण्यातली आहे, म्हणजे तिच्यापासून अपाय होणार नाही, हा विश्वास या सगळ्यांच्या मागे सारखाच असतो. परंतु त्वचेच्या दृष्टीने डाळीचे पीठ आणि लिंबाचा रस यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर समजून घ्यायचे, तर लेप ज्या थरावर बसतो तो थर आधी नीट पाहावा लागतो.

लेप बसतो ती जागा

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. चपट्या झालेल्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या मधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड या स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. पेशी म्हणजे भिंतीच्या विटा आणि हे स्निग्ध पदार्थ म्हणजे विटांच्या सांध्यांतला चुना, असे मानले की या थराचे काम लगेच लक्षात येते: शरीरातले पाणी बाहेर उडून जाऊ द्यायचे नाही आणि बाहेरचे पदार्थ, जंतू आत शिरू द्यायचे नाहीत. चेहऱ्यावर या थराची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असते. एवढ्या पातळ आवरणावर आपले पाणी राखण्याचे काम सोपवलेले आहे, ही गोष्ट लेप कालवताना डोळ्यांपुढे असली पाहिजे.

या थरातून आत काय जाऊ शकते, याचा एक ढोबळ पण उपयोगी नियम त्वचाविज्ञानात २००० साली मांडला गेला. ज्या रेणूचे वजन ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) जास्त आहे, तो धडधाकट त्वचेतून सहसा पार होत नाही. पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा असतो आणि दह्यातल्या लॅक्टिक ॲसिडचा ९० डाल्टनचा. उलट पपईतले पपेन २३ हजारांच्या आसपास आणि ज्याच्या नावाने इतकी जाहिरात होते ते कोलॅजन तीन लाखांच्या घरात जाते. पीठ, दुधातली प्रथिने, केळ्यातला स्टार्च हे सगळे या मर्यादेच्या कितीतरी पलीकडचे आहेत. त्यामुळे एखादा लेप 'त्वचेचे पोषण करतो' असे म्हटले जाते तेव्हा ते शब्दशः खरे नसते. त्वचेच्या जिवंत पेशींना अन्न मिळते ते आतून, रक्तातून. वरून लावलेल्या केळ्यातले पोटॅशियम किंवा दुधातले कॅल्शियम त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणजे लेप निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ काढू नये. पृष्ठभागावर करण्यासारखी तीन कामे आहेत आणि ती तिन्ही मोलाची आहेत: जादा तेल व मळ उचलणे, मृत पेशींच्या थराला काही काळ ओलावा किंवा स्निग्धपणा देणे, आणि चेहरा थंड करणे. कोणताही घरगुती लेप या तिन्हींपैकी काय करतो आणि ते करताना वरची भिंत पोखरत तर नाही ना, हे दोन प्रश्न विचारले की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सोपे होतात.

लेप धुतल्यावर चेहरा उजळ का दिसतो, हेही इथेच सांगितले पाहिजे, कारण सगळी फसगत त्या पहिल्या पाच मिनिटांत होते. कोरड्या पेशींच्या कडा उचललेल्या असतात आणि त्यांच्यावरून प्रकाश इतस्ततः फाकतो, म्हणून चेहरा निस्तेज वाटतो. त्याच पेशी भिजून सपाट झाल्या की प्रकाश सारखा परावर्तित होतो. लेप चोळून काढताना त्या जागेचा रक्तपुरवठा वाढतो, सायीचा किंवा तेलाचा पातळ पापुद्रा मागे राहतो, आणि या सगळ्यांचा मिळून एक तजेला येतो. हा तजेला खरा असतो, फक्त काही तासांचा असतो. त्वचेचा रंग ठरवणारे मेलॅनिन खालच्या जिवंत थरात तयार होते आणि तिथे पिठाचा काहीच संबंध येत नाही. 'एका आठवड्यात गोरेपणा' हे आश्वासन म्हणूनच खोटे आहे, आणि गोरेपणा हे लेपाचे उद्दिष्ट असावे असे मला मुळातच वाटत नाही. त्वचा निरोगी, मऊ आणि शांत असावी, एवढे पुष्कळ आहे.

पीठ, दही, साय

घरगुती लेपांमध्ये सर्वांत भरवशाचा पाया म्हणजे पीठ. डाळीच्या पिठातला स्टार्च आणि प्रथिने तेल शोषून घेतात, आणि हरभऱ्यात असलेली सॅपोनिन नावाची द्रव्ये पाण्यात किंचित फेस आणून मळ सोडवायला मदत करतात. साबण जसा सांध्यांतले स्निग्ध पदार्थही ओढून नेतो तसे पीठ सहसा करत नाही, म्हणून ज्यांचा चेहरा साबणाने ताणल्यासारखा होतो त्यांना पिठाने धुणे मानवते. ज्यांना डाळीचे पीठ कोरडे पडते त्यांनी दादर ज्वारीचे पीठ वापरून पाहावे. मात्र पीठ कोणतेही असो, ते भाकरीच्या पिठासारखे चाळून भागत नाही. ते वस्त्रगाळच हवे. चक्कीतून आलेले पीठ दोन बोटांत चोळून पाहिले तर कोंड्याचे बारीक टोकदार कण जाणवतात. हे कण ओल्या गालावर गोल गोल फिरवले की वरच्या थरावर न दिसणारे ओरखडे उठतात आणि नंतर त्याच जागी दही झोंबते. दोष दह्याला दिला जातो, पण काम कोंड्याने केलेले असते. साखर, मीठ आणि अक्रोडाच्या सालीचा भुगा यांनी चेहरा घासणे याच कारणासाठी वर्ज्य समजावे. त्यांचे कण पिठातल्या कणांपेक्षा कितीतरी मोठे आणि धारदार असतात.

लेपात दही घालण्यामागे चांगले कारण आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सामू, साधारण ४.५ ते ५.५ असतो. ताज्या दह्याचा पीएच ४ ते ४.५च्या आसपास असतो, म्हणजे त्वचेच्या स्वभावापासून फार दूर नाही. दह्यात सुमारे एक टक्का लॅक्टिक ॲसिड असते. हेच आम्ल त्वचारोगतज्ज्ञ मृत पेशी सैल करण्यासाठी वापरतात, पण त्या औषधी क्रीममधले प्रमाण याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे दह्याचा परिणाम सौम्य राहतो, आणि घरी करायच्या उपायाला सौम्यपणा हाच गुण म्हणायचा. उन्हाळ्यात विरजण लवकर आंबते. कढीसाठी चालणारे आंबट दही चेहऱ्यासाठी घेऊ नये. दह्याऐवजी दूध घ्यायचे असेल तर ते तापवून गार केलेले घ्यावे, कारण निरशा दुधात जंतू असू शकतात आणि पुळी फुटलेल्या त्वचेवर ते नको असतात.

साय वेगळे काम करते. तिच्यातला स्निग्धांश त्वचेवर पापुद्रा धरतो आणि पाणी उडण्याचा वेग कमी करतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो आणि ओठ, गाल फुटू लागतात, तेव्हा पिठाचे प्रमाण अगदी कमी ठेवून साय आणि मधाचा लेप उपयोगी पडतो. मधात पाणी जेमतेम १७-१८ टक्के आणि बाकी मुख्यत्वे साखरा असतात, त्या पाणी धरून ठेवतात. शिवाय मधात पाणी मिसळले की त्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, ज्याने जंतूंची वाढ रोखली जाते. रुग्णालयात जखमांवर वापरला जाणारा मध निर्जंतुक केलेला असतो हे लक्षात ठेवावे आणि स्वयंपाकघरातला मध उघड्या जखमेवर लावू नये.

मुलतानी माती ही स्वयंपाकघरातली नाही, पण तिला वगळून चालणार नाही, कारण ती बहुतेक घरांत असते. तिच्या कणांची रचना अतिसूक्ष्म पदरांची असते आणि त्या पदरांमध्ये पाणी व तेल ओढले जाते. तेलकट चेहऱ्यावर ती छान काम करते. पण ती भेदभाव करत नाही; तेल संपले की ती त्वचेतला ओलावाही ओढते. लेप पूर्ण वाळून त्याला भेगा पडेपर्यंत तसेच बसून राहण्याची जी पद्धत आहे, ती याच कारणाने चुकीची आहे. कडा वाळू लागल्या, मधला भाग अजून ओलसर आहे, अशा वेळी, म्हणजे साधारण दहा मिनिटांत, माती धुवावी. कोरड्या त्वचेच्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

हळद

हळदीतला पिवळा रंग करक्युमिनचा. वाळलेल्या हळदीत तो साधारण २ ते ५ टक्के असतो. त्याच्या रेणूचे वजन ३६८ डाल्टन आहे, म्हणजे वजनाच्या कसोटीवर तो आत जाण्याजोगा ठरतो. अडचण दुसरीकडे आहे. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. लग्नघरात हळद तेलात कालवून लावतात तेव्हा, कारण माहीत असो वा नसो, रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच असते; नुसत्या पाण्यातली हळद त्वचेवर रंग म्हणून बसते आणि फारसे काही करत नाही. सूज व जंतू यांच्यावर करक्युमिनचा परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला आहे, परंतु चमचाभर लेपातल्या चिमूटभर हळदीने तेवढा परिणाम होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

हळदीचा डाग साबण लावताच लालसर होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. करक्युमिन अल्कलीत गेले की रंग बदलते, आणि साबण अल्कधर्मी असतो. हळदीला चुना लावून कुंकू होते तेही याच गुणामुळे. लेप काढल्यावर राहिलेला पिवळेपणा घालवण्यासाठी लोक साबणाने चेहरा पुन्हा पुन्हा घासतात, आणि लेपाने दिलेला मऊपणा त्यात घालवून बसतात. त्यापेक्षा कापसाच्या बोळ्यावर थोडे तेल घेऊन पुसावे. करक्युमिन तेलात उतरते.

हळदीबाबत खरी काळजी घ्यायची ती भेसळीची. पिवळेपणा वाढवण्यासाठी हळद पुडीत मेटॅनिल यलो हा खाण्यास मनाई असलेला रंग किंवा लेड क्रोमेट हे शिसे असलेले संयुग मिसळल्याची प्रकरणे देशात आढळलेली आहेत. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद सोडून ती न ढवळता ठेवावी: शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते, पाणी गडद पिवळे झाले तर संशय घ्यावा. वाळलेली हळकुंडे आणून घरी कुटणे किंवा ओळखीच्या चक्कीवर दळून आणणे हा त्याहून चांगला मार्ग. आणि एक गोष्ट आपल्याकडे कोणी सहसा मानत नाही, पण ती खरी आहे: काही माणसांना खुद्द शुद्ध हळदीचीच ॲलर्जी असते.

केळे आणि पपई

जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्याकडे केळ्याची वाण कधी पडत नाही, म्हणून केळ्याच्या लेपाबद्दल खानदेशात जरा जास्तच माया आहे. पिकलेल्या केळ्यात तीन चतुर्थांश पाणी असते. उरलेल्यात मुख्यत्वे साखरा आणि थोडा स्टार्च. ते कुस्करून लावले की साखरा पाणी धरतात, गर पापुद्रा धरतो आणि त्वचा मऊ लागते. इतके ते निश्चित करते. गर मात्र हाताने कुस्करू नये, मिक्सरमधून काढून गाळून घ्यावा, नाहीतर त्यातले तंतू भुवयांत आणि कानशिलाच्या केसांत वाळून बसतात आणि काढताना केस ओढले जातात. साल गालावर घासण्याचा सल्लाही फिरतो. ज्या चिकाने बागेत काम करणाऱ्यांच्या कपड्यांवर न जाणारे काळे डाग पडतात तो चीक हिरव्या सालीत असतो, आणि शिवाय बाजारातल्या सालीवर फवारणीचे अवशेषही असू शकतात. सालीतून मिळण्यासारखे काही नाही. ती गुरांना घालावी. ज्यांना रबरी हातमोजे किंवा फुगे यांनी खाज सुटते, त्यांना केळ्याचीही ॲलर्जी असण्याचा संभव असतो, कारण रबराच्या आणि केळ्याच्या काही प्रथिनांची रचना मिळतीजुळती आहे. अशा माणसांनी केळ्याचा लेप टाळावा.

शहाद्याकडच्या पपईची गोष्ट याहून गंभीर आहे. कच्च्या पपईच्या चिकात पपेन हे प्रथिने तोडणारे विकर असते. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावतात ती त्याच्याचसाठी. चेहऱ्याच्या वरच्या थरातल्या पेशीही मुख्यतः प्रथिनांच्याच बनलेल्या आहेत आणि पपेन त्यांच्यात व मटणात फरक करत नाही. आधी सांगितलेला ५०० डाल्टनचा नियम धडधाकट भिंतीसाठी आहे, आणि पपेन भिंतीलाच खिंडार पाडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये पपेन असलेली व मान्यता न घेतलेली त्वचेवरची औषधे बाजारातून काढायला लावली, कारण काही रुग्णांना त्यांच्यापासून तीव्र ॲलर्जी झाली होती. पूर्ण पिकलेल्या पपईत पपेन फारच थोडे उरते, तिचा गर लावायला हरकत नाही. कच्ची पपई आणि तिचा चीक चेहऱ्याला कधीही लावू नये.

लिंबू आणि सोडा

मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचे आहे ते लिंबाबद्दल. लिंबात क जीवनसत्त्व असते आणि क जीवनसत्त्व डागांवर उपयोगी असते, ही दोन्ही विधाने खरी आहेत; त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा आहे. क जीवनसत्त्वाच्या औषधी सीरममध्ये त्याचे प्रमाण साधारण १० ते २० टक्के ठेवलेले असते. १०० ग्रॅम लिंबाच्या रसात ते ४०-५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्क्याच्या आसपास असते. उलट त्याच रसात सायट्रिक ॲसिड पाच-सहा टक्के असते आणि त्याचा पीएच २च्या जवळ जातो. पीएचच्या मोजपट्टीवर प्रत्येक अंक दहापट असतो, म्हणून ५वरून २वर येणे म्हणजे आम्लता हजारपट होणे. चेहऱ्यावर जी झणझण होते ती 'लिंबू काम करत असल्याची' खूण नाही, थर जळत असल्याची खूण आहे.

याहून मोठा धोका उन्हात आहे. आपल्या कागदी लिंबात, विशेषतः त्याच्या सालीच्या तेलात, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ही द्रव्ये त्वचेवर असताना सूर्याचे अतिनील किरण पडले की त्या जागी रासायनिक क्रिया होऊन भाजल्यासारखी इजा होते. ती लगेच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली, आग, कधी फोड येतात आणि ते बसले की तपकिरी-काळसर डाग महिनोन्‌महिने राहतो. अशा डागाचा आकारच सारे सांगून जातो: पिळलेली फोड गालावर घासली असेल तिथे धूसर पट्टा, रस ओघळून हनुवटीपर्यंत आला असेल तिथे ओघळाचीच रेघ, आणि ज्या हाताने फोड धरली त्या बोटांच्या बेचक्यातही ठिपके. पिळून झालेली फोड चेहऱ्यावर घासण्यात सालीतले तेल सर्वांत जास्त उतरते, आणि हीच पद्धत सर्वांत जास्त सांगितली जाते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा स्वभावच असा आहे की कोणतीही जळजळ झाली तरी ती मागे काळा डाग ठेवून जाते. गोऱ्या त्वचेच्या लोकांसाठी बनवलेले व्हिडिओ ही गोष्ट सांगत नाहीत. डाग घालवण्यासाठी लावलेल्या लिंबाने नवा डाग पडतो, आणि मग त्याच्यावर पुन्हा लिंबू लावले जाते.

खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाला नेतो. त्याच्या द्रावणाचा पीएच ८च्या वर असतो आणि त्यात त्वचेचा नैसर्गिक आम्लधर्म मोडतो. तो सावरेपर्यंत काही तास जातात आणि तेवढ्या वेळात जंतूंना मोकळीक मिळते. लिंबू आणि सोडा एकत्र केल्यावर जो फेस येतो त्यात औषधी असे काहीच नाही, तो कार्बन डायऑक्साइड असतो. दालचिनी, लवंग आणि टूथपेस्ट यांच्याबद्दल एवढेच पुरे की तिन्ही दाह करतात.

वैशाखात लेप कसा लावावा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवेत ओलावा नावालाही राहत नाही. अशा हवेत त्वचेतून पाणी उडण्याचा वेग वाढतो. वरून चेहऱ्याला तेल सुटलेले दिसते, म्हणून त्वचा तेलकट आहे असा समज होतो. प्रत्यक्षात तेलाच्या खाली थर कोरडा पडलेला असू शकतो. अशा चेहऱ्यावर रोज मुलतानी माती लावली की तो आणखी ताणतो. मुंबईच्या दमट हवेतला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही, तो या कारणाने.

उन्हाळ्यासाठी माझ्या मते सर्वांत चांगला लेप अगदी साधा आहे: काकडी किसून तिचा रस, ताजे दही आणि कालवता येईल एवढेच वस्त्रगाळ पीठ. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते आणि ती चेहऱ्यातून जाते, म्हणून गारवा वाटतो. कोरफडीचा गर हेच काम करतो, मात्र पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा चीक सुटतो तो अंगावर उठतो. पान उभे ठेवून तो निथळू द्यावा, गर धुऊन घ्यावा आणि मगच वापरावा.

लेप दिवेलागणीनंतर लावावा, म्हणजे त्यानंतर उन्हात जाण्याचा प्रश्न येत नाही. डोळ्यांच्या आणि ओठांच्या भोवतीची जागा सोडावी. दहा-बारा मिनिटे पुरेशी आहेत. लेप काढताना आधी ओला हात फिरवून तो पुन्हा भिजवावा आणि न चोळता पाण्याने उतरू द्यावा. हे पाणी कोणते, याला आपल्याकडे महत्त्व आहे: गच्चीवरच्या टाकीचे पाणी संध्याकाळीसुद्धा चांगलेच कढत असते आणि कढत पाणी सांध्यांतले स्निग्ध पदार्थ वितळवून नेते. माठातले किंवा सकाळी बादलीत भरून सावलीत ठेवलेले पाणी घ्यावे. चेहरा टिपून घेतल्यावर ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, नेहमीचे मॉइश्चरायझर लावावे. ते लावले नाही तर लेपाने दिलेले पाणी खानदेशी हवा घटकाभरात परत घेते. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, याहून जास्त लेप कोणत्याच त्वचेला लागत नाही.

कोणताही नवा पदार्थ चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून पाहावा. व्हिडिओंमध्ये अर्धा तास थांबायला सांगतात, ते अपुरे आहे. दाह लगेच कळतो, पण ॲलर्जीची प्रतिक्रिया ४८ ते ७२ तासांनीही उमटते, म्हणून तीन दिवस थांबावे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवा लेप लावू नये, असे म्हणण्याचे कारण हेच.

ओले मिश्रण साठवून ठेवू नये. बाजारातल्या क्रीममध्ये जंतूंची वाढ रोखणारी द्रव्ये घातलेली असतात. घरच्या वाटीत ती नसतात, आणि पाणी, साखर, प्रथिने व उष्मा या जंतूंना हव्या त्या चारही गोष्टी तिथे असतात. अनुकूल स्थितीत काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. कोरडे पीठ व हळद यांचे मिश्रण घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत काही आठवडे राहते, त्यात ओला चमचा जाता कामा नये; दही, काकडी, केळे घालून कालवलेले मात्र त्याच वेळी संपवावे आणि उरले तर टाकून द्यावे.

जिथे लेपाचा हात पोहोचत नाही

मुरूम केसाच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीत, तोंड बंद झालेल्या छिद्राच्या आत तयार होतो. पीठ वरचे तेल उचलेल, पण त्या छिद्रात उतरणार नाही. खोबरेल तेल किंवा साय लावल्याने छिद्रे आणखी बुजण्याचीच शक्यता असते. गालांवरचा वांग ऊन, गर्भारपण, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांच्याशी निगडित आहे. त्याच्यावर सनस्क्रीन हा पहिला उपाय आहे आणि घासणे हा सर्वांत वाईट. मानेवर व काखेत येणारा मखमलीसारखा जाडसर काळेपणा अनेक जणी मळ समजून डाळीच्या पिठाने घासत राहतात. तो मळ नसतो. बहुतेकदा शरीरातले इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती बाहेरची खूण असते आणि तिथे उटण्याऐवजी रक्तातली साखर तपासणे गरजेचे असते. मुलीच्या मानेवर असे काही दिसले तर तिला न रागावता, न हिणवता डॉक्टरांकडे न्यावे.

ज्यांनी औषधांच्या दुकानातून आणलेले स्टेरॉइडयुक्त 'गोरेपणाचे' क्रीम महिनोन्‌महिने लावलेले आहे, त्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा चौदा प्रकारच्या स्टेरॉइडयुक्त क्रीमची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होऊ नये असे ठरवले, कारण त्यांनी त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि क्रीम थांबवताच चेहरा लाल होऊन पेटतो. अशा चेहऱ्यावर दहीसुद्धा सहन होत नाही. तिथे घरगुती उपाय करत बसू नये. क्रीमची ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

एखादा लेप लावल्यावर आग होऊ लागली तर वेळ पूर्ण होण्याची वाट पाहू नये. तो लगेच गार पाण्याने धुवावा, त्यावर बर्फ चोळू नये, उतारा म्हणून दुसरा कोणताही पदार्थ लावू नये, साध्या पाण्यात भिजवलेली मऊ सुती घडी काही वेळ ठेवावी आणि दोन-तीन दिवस उन्हात जाताना चेहरा रुमालाने किंवा ओढणीने झाकावा. डोळ्यांवर किंवा ओठांवर सूज आली, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर घरी न थांबता तातडीने रुग्णालय गाठावे, आणि लेपात काय काय घातले होते ते डॉक्टरांना हळद-दह्यासकट सगळे सांगावे.